चर्चशी जोडलेल्या अमेरिकी विद्यापीठातून ऑनलाइन एमबीए: अर्ज भरण्याआधी काय तपासावं?

चौकट (धागाकर्ता)

इथल्या निरनिराळ्या धाग्यांवर एक प्रश्न तुकड्यातुकड्यांनी येत राहतो. अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यापीठातून ऑनलाइन एमबीए करावं का, आणि केलं तर ते पुढे चालतं का? विचारणारे दोन प्रकारचे असतात. काही न्यू जर्सी-टेक्सासकडे एच-1बी (नोकरीचा व्हिसा) किंवा एच-4 (त्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) वर आहेत, काही पुण्या-मुंबईत राहूनच अमेरिकी पदवी घेऊ पाहतात. दोघांची उत्तरं वेगळी आहेत. माहिती एका जागी राहावी म्हणून हा धागा.

सुरुवात मान्यतेपासून, कारण तिथे चुकलं तर पुढचं सगळं वाया.

मान्यता दोन पातळ्यांवर असते. पहिली संपूर्ण विद्यापीठाची. टेक्सासमधलं बेलर आणि व्हर्जिनियातलं लिबर्टी यांना एसएसीएससीओसीची आहे, ओमाहाच्या क्रेटनला एचएलसीची, न्यूयॉर्कच्या फोर्डमला मिडल स्टेट्सची (तिन्ही विद्यापीठांना मान्यता देणाऱ्या संस्था). दुसरी पातळी फक्त बिझनेस स्कूलची. त्यात एएसीएसबी (स्थापना 1916) सगळ्यांत कडक मानली जाते. एसीबीएसपी आणि आयएसीबीई या नंतरच्या, आणि त्यांचा भर संशोधनापेक्षा शिकवण्यावर. बेलर, क्रेटन, फोर्डम, व्हिलानोवा, सांता क्लारा, पेपरडाइन ही एएसीएसबीवाली. लिबर्टीचं बिझनेस स्कूल एसीबीएसपीवालं. पहिल्या पातळीशिवाय पदवीला अर्थ नाही. दुसरी नसली तरी पदवी खरीच असते, पण काही कंपन्या फीचा परतावा देताना एएसीएसबीच मागतात.

टीआरएसीएस ही खास ख्रिस्ती संस्थांसाठीची मान्यता. अमेरिकी शिक्षण खात्याची यादी तिला ओळखते, म्हणजे ती खोटी नाही. मात्र तिथले क्रेडिट (अभ्यास मोजण्याचं एकक) दुसऱ्या विद्यापीठात न्यायला गेलं की अनेक ठिकाणी नकार मिळतो. पुढे पीएचडीचा विचार असेल तर हे आधीच विचारून घ्या.

आणि एक सापळा. फ्लोरिडासारख्या काही राज्यांत धार्मिक महाविद्यालयांना राज्याच्या परवान्यातून सूट आहे. फ्लोरिडात त्याला अट अशी की पदवीच्या नावातच तिचं धार्मिक स्वरूप दिसलं पाहिजे. त्यामुळे साध्या एमबीएऐवजी 'ख्रिस्ती व्यवसाय प्रशासन' अशा वळणाचं नाव दिसलं, तर ती संस्था शिक्षण खात्याच्या डेटाबेसमध्ये शोधा. तिथे नाव नसेल तर पुढे जाऊ नका. संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा शिक्का हा पुरावा नाही.

---

निंबोणी

चांगला धागा. 'चर्चशी जोडलेलं' हा एकच शब्द फार वेगवेगळ्या गोष्टींना लावला जातो, त्याबद्दल लिहिते.

क्रेटन, फोर्डम, सांता क्लारा ही जेझुइटांची (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ). मुंबईचं सेंट झेवियर्स (1869) आणि जमशेदपूरचं एक्सएलआरआय (1949) ज्यांनी काढलं तेच हे. व्हिलानोवाही कॅथलिकच, पण ऑगस्टिनियन पंथाचं. बेलर बाप्टिस्ट परंपरेतलं, 1845 चं. लिबर्टी 1971 चं, इव्हँजेलिकल (बायबलच्या वचनाला सर्वोच्च मानणारी प्रॉटेस्टंट धारा). यांच्या अभ्यासक्रमात श्रद्धेचा वाटा अगदी वेगवेगळ्या रूपात येतो.

जेझुइट ठिकाणी तो नीतिशास्त्राच्या विषयातून आणि कॅथलिक सामाजिक विचारातून येतो. 1891 च्या 'रेरुम नोव्हारुम' या पोपपत्रातली न्याय्य वेतनाची कल्पना घ्या आणि कंत्राटी कामगारांच्या प्रकरणाला लावून दाखवा, अशा धर्तीचं काम असतं. बायबलचं वचन द्यायची सक्ती सहसा नसते.

इव्हँजेलिकल ठिकाणी बायबलचा दृष्टिकोन थेट असाइनमेंटच्या गुणतक्त्यात एक ओळ म्हणून असू शकतो. नवखे विद्यार्थी नेमके इथे गुण घालवतात. सगळं उत्तर नेहमीसारखं लिहायचं आणि शेवटी एक वचन चिकटवायचं, याला गुण मिळत नाहीत. त्या वचनामुळे तुमचा निर्णय कुठे बदलला ते दाखवावं लागतं.

उदाहरण घेऊ. प्रकरण असं की कंपनीने बिस्किटांचा पुडा 500 ग्रॅमवरून 450 ग्रॅमवर आणला, किंमत तीच ठेवली, नवं वजन पुड्यावर बारीक अक्षरात छापलं. लेवीय 19:35-36 मध्ये खरी मापं आणि खरे तराजू ठेवण्याची आज्ञा आहे. कच्चं उत्तर: 'बायबल खोट्या मापाला विरोध करतं, म्हणून हे चूक.' पण माप खोटं नाहीच, छापलेलं वजन बरोबर आहे. नेटकं उत्तर आधी ही अडचण कबूल करतं, मग विचारतं की आज्ञेचा रोख फक्त वजनावर आहे की गिऱ्हाइकाची समजूत चुकवण्यावरही. त्यातून एखादी ठोस शिफारस निघते: पुढचे दोन-तीन महिने पुड्याच्या दर्शनी भागावर 'नवं वजन' ठळक छापावं, आणि त्याचा विक्रीवर होणारा अंदाजे परिणाम अमुक. शिक्षक शोधतात ते हे. यासाठी ख्रिस्ती असावं लागत नाही, पण मजकूर मनापासून वाचावा लागतो.

संदर्भ एपीए या संदर्भलेखन-पद्धतीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे द्यायचा असतो. तिच्यात बायबल संदर्भसूचीत घालावं लागतं. सहाव्या आवृत्तीत तसं नव्हतं, त्यामुळे जुनी मार्गदर्शकं पाहून लिहिणारे चुकतात. कुठली आवृत्ती वापरली तिचं नाव आणि साल, मग पुस्तक, अध्याय, ओवी. पानाचा क्रमांक नाही. घरी मराठी पवित्र शास्त्र वाचून अर्थ लावायला काहीच हरकत नाही (मॅथ्यू म्हणजे मत्तय, प्रॉव्हर्ब्स म्हणजे नीतिसूत्रे), संदर्भ मात्र इंग्रजी आवृत्तीचा द्या.

---

ओसरी

निंबोणीताई, फार उपयोगी. हिंदू किंवा अन्य धर्माच्या विद्यार्थ्याला काही प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते का? आणि चॅपलची (प्रार्थनासभेची) हजेरी?

---

निंबोणी

@ओसरी, श्रद्धेच्या कबुलीवर सही बहुतेक ठिकाणी शिक्षकांकडून घेतात, ऑनलाइन एमबीएच्या विद्यार्थ्यांकडून नाही. चॅपलची सक्ती असलीच तर ती सहसा कॅम्पसवर राहणाऱ्या पदवीच्या मुलांना. पण आचारसंहिता ऑनलाइनवाल्यांनाही लागू असू शकते, आणि तिचा भंग हे काढून टाकण्याचं कारण ठरू शकतं. अमेरिकेच्या 1972 च्या टायटल नाइन कायद्यात धार्मिक संस्थांना सूट मागण्याची तरतूद आहे. म्हणजे लिंग आणि लैंगिकतेच्या बाबतीत सरकारी विद्यापीठात मिळणारं संरक्षण इथे पूर्ण मिळेलच असं नाही. ज्यांना हा मुद्दा लागू आहे त्यांनी विद्यार्थी हस्तपुस्तिका आधी डाउनलोड करून शब्दन् शब्द वाचावी. प्रवेश सल्लागाराच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

कॅटलॉगमध्ये आणखी एक पाहा: 36 क्रेडिटमध्ये धर्मविषयक किंवा 'जीवनदृष्टी'चे किती विषय सक्तीचे आहेत. असे दोन विषय असतील तर 6 क्रेडिट तिकडे गेले, म्हणजे फायनान्स किंवा अॅनालिटिक्सचे दोन ऐच्छिक विषय कमी.

---

घड्याळजी

वेळेच्या हिशेबाबद्दल लिहितो. अर्धवट सोडणारे बहुतेक इथेच अडकतात.

जाहिरातीत '8 आठवड्यांचे सुटसुटीत कोर्स' असं लिहितात. अमेरिकी केंद्रीय नियमाप्रमाणे 1 क्रेडिट म्हणजे साधारण 15 आठवडे दर आठवड्याला 1 तास वर्ग आणि 2 तास घरचा अभ्यास, म्हणजे 45 तास. 3 क्रेडिटचा विषय म्हणजे 135 तास. ते 8 आठवड्यांत बसवले की आठवड्याला जवळजवळ 17 तास. एका वेळी दोन विषय घेतले की 34. पूर्ण वेळ नोकरी करून 34 तास निघत नाहीत. एका वेळी एकच विषय, वर्षाला सहा, असं धरलं तर 36 क्रेडिटला दोन वर्षं लागतात.

आठवड्याची रचना बहुधा अशी: चर्चाफलकावर पहिली पोस्ट बुधवार-गुरुवारपर्यंत, सुमारे 300-400 शब्द, दोन-तीन संदर्भांसह. मग रविवारपर्यंत दोन सहाध्यायांना उत्तरं. शिवाय प्रश्नमंजूषा किंवा प्रकरण-अभ्यास. पहिली पोस्ट रविवारी टाकली तर उत्तरं उत्तम असूनही गुण कापले जातात.

नुसतं लॉगिन म्हणजे हजेरी नव्हे. केंद्रीय मदतीच्या नियमांत असाइनमेंट देणं, परीक्षा देणं, चर्चेत अभ्यासविषयक लिहिणं यालाच सहभाग धरतात. कर्ज घेतलेल्या विद्यार्थ्याने टर्मचा 60 टक्के भाग होण्याआधी विषय सोडला तर मदतीचा काही भाग परत जातो. 8 आठवडे म्हणजे 56 दिवस, त्याचे 60 टक्के म्हणजे साधारण 34 वा दिवस. पाचव्या आठवड्याच्या मध्यावर रागाने 'विथड्रॉ' दाबण्याआधी कॅलेंडर बघा.

---

हिशेबनीस

पैशांचं.

एच-1बी, एच-4 वाल्यांना केंद्रीय कर्ज मिळत नाही. नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं: वर्षाला 20,500 डॉलरपर्यंत. 2025 च्या कायद्याने 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस (उरलेल्या खर्चासाठीचं जादा केंद्रीय कर्ज) बंद होतं आणि पदव्युत्तर कर्जाला एकूण 1,00,000 डॉलरची मर्यादा येते. जुने ब्लॉग वाचून 'उरलेलं ग्रॅड प्लसमधून' असा बेत करू नका.

नोकरदारांसाठी खरा आधार म्हणजे कंपनीची मदत. अमेरिकी करकायद्याच्या कलम 127 खाली कॅलेंडर वर्षाला 5,250 डॉलरपर्यंतची रक्कम करमुक्त. इथे 'कॅलेंडर वर्ष' हे शब्द महत्त्वाचे. समजा 36 क्रेडिट, दर 650 डॉलर, एकूण 23,400. जानेवारीत सुरू करून पुढच्या वर्षीच्या डिसेंबरला संपवलं तर दोनच वर्षं मिळतात: 10,500. तोच अभ्यास ऑगस्टमध्ये सुरू करून तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात संपवला तर तीन कॅलेंडर वर्षं लागतात: 15,750. अभ्यास तेवढाच, करमुक्त रकमेत 5,250 चा फरक. परतावा कंपनी कधी देते तेही पाहा. निकालानंतर देत असेल तर डिसेंबरचा विषय पुढच्या वर्षात मोजला जातो.

धोरण वाचताना तीन गोष्टी: किमान श्रेणी (बहुधा बी), मान्यतेची अट, आणि नोकरी सोडल्यास किती काळापर्यंत पैसे परत द्यावे लागतात.

लाइफटाइम लर्निंग क्रेडिट (ही करातली सवलत) वेगळं: 10,000 डॉलरपर्यंतच्या फीचे 20 टक्के, म्हणजे जास्तीत जास्त 2,000. उत्पन्न एकट्याचं 80,000 ते 90,000, जोडप्याचं 1,60,000 ते 1,80,000 यादरम्यान ते कमी होत जाऊन संपतं. कंपनीने करमुक्त दिलेल्या डॉलरवर हे परत मागता येत नाही.

भारतातून फी भरणाऱ्यांसाठी: बँकेच्या अर्जात हेतूचा कोड विचारतात. परदेशी पत्रव्यवहारी अभ्यासक्रमाच्या फीला एस 1107 आहे. एस 0305 हा शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांचा. काउंटरवर सवयीने 0305 टाकतात आणि मग व्हिसाची प्रत मागत बसतात. एलआरएस (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) खालची आर्थिक वर्षाची रक्कम 10 लाखांच्या पुढे गेली की टीसीएसचा (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) प्रश्न येतो, म्हणून दोन टर्मची फी 31 मार्चच्या अलीकडे-पलीकडे विभागणं सोयीचं.

---

सह्यकडा

व्हिसाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण एजंट इथेच गोल गोल बोलतात.

पूर्ण ऑनलाइन पदवीवर आय-20 (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते पत्रक) मिळत नाही, म्हणून एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) नाही, म्हणून सीपीटी (शिकताना नोकरीची परवानगी) आणि ओपीटीही (सहसा शिकून झाल्यावरची) नाही. एफ-1 वर असलेल्या विद्यार्थ्याच्या पूर्ण वेळ अभ्यासात दर टर्मला जास्तीत जास्त एकच ऑनलाइन विषय, 3 क्रेडिटपर्यंत, धरला जातो. एच-4 वर असताना शिकायला बंदी नाही. एच-1बी वाल्यालाही नोकरी सांभाळून शिकता येतं. भारतात बसून शिकणाऱ्याला व्हिसा लागतच नाही, पण ही पदवी अमेरिकेत नेणारी वाट आहे असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

एच-1बीच्या 20,000 जागांच्या मास्टर्स कोट्यात यायचं तर पदवी देणारी अमेरिकी संस्था सार्वजनिक किंवा ना-नफा असली पाहिजे, आणि पदवी मिळाली त्या वेळी मान्यताप्राप्त असली पाहिजे. धार्मिक नाव म्हणजे ना-नफा असं गृहीत धरू नका, कायदेशीर दर्जा तपासा.

काही छोटी ख्रिस्ती विद्यापीठं 'महिन्यातून एक वीकेंड कॅम्पसवर, बाकी ऑनलाइन, पहिल्या दिवसापासून सीपीटी' अशी रचना देतात. अशा सीपीटीवर पुढे एच-1बी किंवा ग्रीन कार्डच्या वेळी कडक प्रश्न विचारले जातात: प्रत्यक्ष किती वेळा गेलात, विमानाची तिकिटं दाखवा, नोकरी अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग कशी. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय यात पडू नका.

---

ओसरी

मुंबई विद्यापीठाची तीन वर्षांची बीकॉम चालते का? अमेरिकी विद्यापीठासाठी आपल्या पदवीचं मूल्यांकन कुठून करायचं?

---

चौकट

@ओसरी, काही विद्यापीठं चालवतात, काही चार वर्षांचीच मागतात. ज्या विद्यापीठात अर्ज करायचा त्यालाच आधी मेल करा: तीन वर्षांची पदवी चालेल का, कुठल्या संस्थेचं मूल्यांकन घेता, आणि 'कोर्स-बाय-कोर्स' हवं की नुसतं कागदपत्रांचं. डब्ल्यूईएस, ईसीई या मूल्यांकन करणाऱ्या संस्था, एनएसीईएस या संघटनेच्या सदस्य. पण विद्यापीठाने एकीचंच नाव दिलं असेल तर दुसरीचा अहवाल वाया जातो. बीकॉमवाल्यांना 'कोर्स-बाय-कोर्स'चा फायदा असा की अकाउंटिंग, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र यांचे पूर्वतयारीचे विषय माफ होऊ शकतात. इंजिनिअरांना हेच विषय बहुधा करावे लागतात, आणि ते 36 क्रेडिटच्या बाहेर असतात. फीचा हिशेब करताना ते धरा. टक्केवारीचं जीपीए स्वतः करून अर्जात भरू नका, मूळ गुण जसे आहेत तसे द्या.

आता आपल्याकडची खास अडचण: नाव. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं, पुढे आईचं नाव, सगळं एका ओळीत, स्वल्पविराम नाही. मूल्यांकनाच्या अर्जात रकाने दोनच. काही जण गुणपत्रिका पाहून सगळ्यात शेवटचं नाव, म्हणजे आईचं, आडनावाच्या रकान्यात भरतात, आणि पासपोर्टशी मेळ बसत नाही म्हणून फाइल अडकते. नाव पासपोर्टप्रमाणे भरा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद आणि एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र पहिल्याच खेपेला जोडा. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडून थेट जावं लागतं, उघडलेलं पाकीट चालत नाही. यासाठी दोन महिने हाताशी ठेवा.

---

पाटीपेन्सिल

भारतात या पदवीचं काय होतं ते राहिलं.

खासगी कंपनीला समकक्षता प्रमाणपत्र सहसा लागत नाही. सरकारी नोकरी, प्राध्यापकी, पीएचडी प्रवेश यांना लागतं, आणि तिथे दार बंद आहे. यूजीसीच्या एप्रिल 2025 च्या परदेशी पदव्यांच्या नियमांत अट आहे की अभ्यास नियमित, प्रत्यक्ष वर्गात झालेला असावा, ऑनलाइन किंवा दूरस्थ नाही. विद्यापीठ कितीही नामांकित असलं तरी फरक पडत नाही.

ज्यांना भारतातच ती पदवी वापरायची आहे त्यांनी यूजीसीच्या 2020 च्या ऑनलाइन शिक्षण नियमांखालची भारतीय पदवी पाहावी. तिला नियमित पदवीच्या बरोबरीचा दर्जा आहे. अध्यात्मिक संस्थेशी जोडलेलंच विद्यापीठ हवं असेल तर माता अमृतानंदमयी मठाचं अमृता विश्व विद्यापीठम् ऑनलाइन एमबीए देतं. प्रवेशाआधी डीईबी-आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक) काढावा लागतो आणि त्या सत्रासाठी त्या विषयाचं नाव यूजीसीच्या यादीत आहे का ते पाहावं लागतं. मान्यता सत्रानुसार असते, मागच्या वर्षीची यादी धरून चालू नका.

---

हिशेबनीस

एक भर. छोट्या धार्मिक विद्यापीठांत आणखी एक धोका म्हणजे विद्यापीठच बंद पडणं. ओकलंडचं होली नेम्स आणि न्यूयॉर्कचं अलायन्स 2023 मध्ये, पेनसिल्व्हेनियातलं कॅब्रिनी 2024 मध्ये बंद झालं. अमेरिकी शिक्षण खातं खासगी संस्थांचा आर्थिक गुणांक काढतं, उणे 1.0 ते 3.0 असा. 1.5 किंवा वर असेल तर ठीक. खाली असेल तर खातं जादा देखरेख ठेवतं. सलग दोन-तीन वर्षांचे आकडे पाहा, घसरण दिसत असेल तर मोठ्या विद्यापीठाकडे वळा. बंद पडताना दुसऱ्या विद्यापीठात सामावून घेण्याचा करार बहुधा होतो, पण सगळे क्रेडिट जातातच असं नाही.

---

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न: पुण्यात राहून करणाऱ्याने रविवारची मुदत कशी धरायची?

---

घड्याळजी

@ओसरी, विद्यापीठ ईस्टर्न (न्यूयॉर्कच्या) वेळेवर असेल तर रविवार रात्रीचे 11:59 म्हणजे उन्हाळ्यात आपला सोमवार सकाळचा 9:29, हिवाळ्यात 10:29. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ एक तास मागे जातं, मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे. ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या टर्मला नोव्हेंबरमध्ये तासभर जादा मिळतो, त्याने काही बिघडत नाही. नुकसान मार्चमध्ये होतं: आदल्या सोमवारपर्यंत 10:29 चालत होतं, त्या सोमवारी 9:29 लाच फाइल बंद. कॅनव्हास या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीत स्वतःच्या खात्याची वेळ 'कोलकाता' अशी निवडली की मुदत थेट भारतीय वेळेत दिसते. ते पहिल्याच दिवशी करून घ्या. आणि लॉकडाउन ब्राउझर (परीक्षेत संगणकावरचं बाकी सगळं बंद ठेवणारा) लागणारी परीक्षा शेवटच्या तासाला ठेवू नका. ऑफिसच्या लॅपटॉपवर तो बहुतेकदा बसतच नाही, आणि हे कळतं तेव्हा मदत कक्षात अमेरिकेतली रविवारची मध्यरात्र असते.